न्यूट्रिनोच्या वर्तुळात गॅमा स्रोत सापडला, पण उगम सापडला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण ध्रुवाजवळच्या आइसक्यूब या शोधकाने कळवलेल्या एका उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोची (जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या भाररहित कणाची) दिशा तुम्ही आकाशाच्या नकाशावर मांडली, तिच्या अनिश्चिततेच्या वर्तुळात अवकाशातल्या फर्मी गॅमा दुर्बिणीच्या यादीतला एक ब्लेझर (म्हणजे केंद्रातल्या कृष्णविवराचा झोत आपल्या दिशेने रोखलेली दीर्घिका) आढळला, आणि आता तोच त्या न्यूट्रिनोचा उगम आहे असे म्हणायला काय हरकत आहे, असे तुम्ही विचारता. जोडीला तुमची एक शंका आहे. गॅमा किरणांच्या आधारेच उगम शोधायचा असेल, तर अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांत अजिबात न दिसणारी एनजीसी १०६८ ही दीर्घिका आज सर्वांत भक्कम उगमांपैकी एक कशी मानली जाते? हे दोन प्रश्न वरवर वेगळे वाटतात, पण माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: उगमापाशी न्यूट्रिनो आणि गॅमा किरण एकत्र जन्मतात, पण आपल्यापर्यंत ते एकत्र पोहोचतीलच असे नाही. उत्तर बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गेली अनेक वर्षे मी गॅमा किरणांच्या नोंदींवर काम करतो, आणि न्यूट्रिनोची सूचना आली की त्या दिशेचा फर्मीचा डेटा उघडून पाहणे हा त्या कामाचा नेहमीचा भाग आहे. त्यामुळे पुढचे सगळे गॅमाच्या बाजूने पाहणाऱ्याचे मत आहे, हे लक्षात ठेवावे.

आधी दोघांचा संबंध पाहू. विश्वकिरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यातून वर जाऊन त्यांचा शोध लावला, पण ते विद्युत्‌भारित असल्यामुळे वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांत वळत येतात, आणि म्हणून त्यांच्या येण्याच्या दिशेवरून ते कोठे निर्माण झाले हे सांगता येत नाही. असा प्रोटॉन उगमाजवळच दुसऱ्या प्रोटॉनवर किंवा तीव्र प्रकाशातल्या एखाद्या फोटॉनवर (प्रकाशकणावर) आदळला की पायॉन नावाचे अल्पजीवी कण तयार होतात. भार नसलेला पायॉन जवळजवळ तत्क्षणी दोन गॅमा फोटॉनांत मोडतो. भारित पायॉन एक म्यूऑन (इलेक्ट्रॉनाचा जड भाऊबंद) व एक न्यूट्रिनो देतो, आणि तो म्यूऑन पुढे मोडताना इलेक्ट्रॉनाबरोबर आणखी दोन न्यूट्रिनो देतो. ढोबळ हिशेब असा की मूळ प्रोटॉनाच्या ऊर्जेचा विसावा भाग एका न्यूट्रिनोच्या वाट्याला येतो आणि दहावा भाग एका गॅमा फोटॉनाच्या. एक टीईव्ही म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट; त्याचा हजारावा भाग म्हणजे जीईव्ही, जीईव्हीचा हजारावा भाग एमईव्ही, आणि हजार टीईव्ही म्हणजे एक पीईव्ही. २९० टीईव्हीचा न्यूट्रिनो दिसला, तर त्यामागचा प्रोटॉन सुमारे ६,००० टीईव्हीचा, म्हणजे ६ पीईव्हीचा असला पाहिजे, आणि त्याच जातीच्या टकरींतून ६०० टीईव्हीच्या आसपासचे गॅमा फोटॉनही निघाले असले पाहिजेत.

म्हणजे न्यूट्रिनो असेल तिथे गॅमा असलाच पाहिजे, हे उगमापुरते खरे आहे. उलट मात्र खरे नाही. गॅमा किरण निर्माण करायला प्रोटॉन लागतातच असे नाही. वेगवान इलेक्ट्रॉन मंद प्रकाशाच्या फोटॉनांना धक्का देऊन त्यांचे गॅमा फोटॉन करू शकतात, आणि त्या प्रक्रियेत एकही न्यूट्रिनो निघत नाही. वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ गॅमा आकाशातल्या सर्वांत ठळक स्रोतांपैकी एक आहे, पण त्याचा बहुतेक सर्व गॅमा प्रकाश इलेक्ट्रॉनांचा आहे. प्रोटॉनांची खूण निर्विवाद ओळखता आलेली उदाहरणे फार कमी आहेत. आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या दोन अतिनवताऱ्यांच्या अवशेषांत २०१३ मध्ये फर्मीला २०० एमईव्हीच्या खाली वर्णपट झपाट्याने उतरताना दिसला, आणि तो उतार भाररहित पायॉनांच्या विघटनाची खूण मानला जातो. म्हणून तुमच्या वर्तुळातला ब्लेझर गॅमामध्ये तेजस्वी आहे एवढ्यावरून तिथे प्रोटॉन वेगवान होत आहेत असे सिद्ध होत नाही.

आता प्रवासाचा भाग. न्यूट्रिनो जवळजवळ कशालाच अडत नाही. गॅमा फोटॉनाचे तसे नाही. ताऱ्यांच्या आणि तापलेल्या धुळीच्या प्रकाशाने सारे अंतराळ विरळपणे भरलेले आहे. टीईव्हीच्या आसपासचा गॅमा फोटॉन या प्रकाशातल्या एखाद्या फोटॉनाला धडकला की दोघांचे मिळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बनते. उगम अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असेल, तर काही शे जीईव्हीच्या वरचा प्रकाश मोठ्या प्रमाणात वाटेतच संपतो. पीईव्हीच्या आसपास तर विश्वाच्या सूक्ष्मतरंगी पार्श्वभूमीचाच (महास्फोटापासून उरलेल्या मंद प्रकाशाचाच) अडथळा इतका दाट होतो की फोटॉन आपल्या आकाशगंगेच्या आकाराएवढे अंतरही धडपणे पार करू शकत नाही. तेव्हा त्या २९० टीईव्हीच्या न्यूट्रिनोचा जुळा गॅमा फोटॉन आपल्याला कधीच दिसणार नाही. आपण पाहतो तो त्याच उगमातला हजारो पटींनी कमी ऊर्जेचा प्रकाश, आणि तो त्याच प्रोटॉनांचा आहे असे गृहीत धरतो. हे गृहीतक कधी बरोबर असते, कधी नसते. ते दर वेळी तपासावे लागते आणि माझ्या अनुभवात चुका बहुधा इथेच होतात.

तुमच्या वर्तुळाकडे येण्यापूर्वी आइसक्यूबच्या सूचनेत नेमके काय असते ते पाहू. दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर, ८६ तारांना लटकवलेले ५,१६० प्रकाशसंवेदक, असा सुमारे एक घन किलोमीटरचा हा शोधक डिसेंबर २०१० मध्ये पूर्ण झाला. न्यूट्रिनो बर्फात किंवा खालच्या खडकात एखाद्या अणुकेंद्रावर आदळून म्यूऑन निर्माण करतो, म्यूऑन निळसर चेरेन्कोव्ह प्रकाशाची रेघ उमटवत जातो, आणि कोणत्या संवेदकाला तो प्रकाश केव्हा पोहोचला यावरून दिशा काढली जाते. अशी रेघ लांब असेल तर दिशा एका अंशापेक्षाही अचूक मिळते. न्यूट्रिनोने म्यूऑनऐवजी गोलसर प्रकाशगोळा निर्माण केला असेल तर अनिश्चितता दहा-पंधरा अंशांवर जाते. खरी अडचण पार्श्वभूमीची आहे. वातावरणात विश्वकिरणांमुळे तयार झालेले म्यूऑन या शोधकातून दर सेकंदाला हजारोंच्या संख्येने जातात, आणि वातावरणातच जन्मलेले न्यूट्रिनोही वर्षाला लाखाच्या घरात नोंदले जातात. म्हणून प्रत्येक सूचनेबरोबर तो न्यूट्रिनो खगोलीय असण्याची संभाव्यता दिलेली असते. ती वाचल्याशिवाय वर्तुळ काढू नये. बऱ्याच सूचनांत हा आकडा जेमतेम निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे आपण ज्याचा उगम शोधायला निघालो तो न्यूट्रिनो आपल्याच वातावरणातला असण्याची शक्यता जवळजवळ तितकीच असते.

आता एक हिशेब कागदावर करून पाहा. संपूर्ण आकाश ४१,२५३ चौरस अंशांचे आहे, आणि फर्मीच्या अलीकडच्या यादीत सात हजारांहून अधिक स्रोत आहेत. म्हणजे सरासरी पावणेसहा चौरस अंशांमागे एक स्रोत. तुमचे वर्तुळ एका चौरस अंशाचे असेल, तर त्यात निव्वळ योगायोगाने एखादा स्रोत असण्याची शक्यता सहात एक आहे. वर्तुळ पाच चौरस अंशांचे असेल, तर ती निम्म्याहून अधिक होते. या यादीतले निम्म्याच्या आसपास स्रोत ब्लेझर असल्यामुळे, सापडलेला स्रोत ब्लेझर निघाला याचेही फार आश्चर्य वाटू नये. तुम्ही वर्तुळाचे क्षेत्रफळ लिहिलेले नाही. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मुख्यतः त्या आकड्यावर अवलंबून आहे.

मग २०१७ च्या प्रकरणात असे काय वेगळे होते? २२ सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या न्यूट्रिनोची बहुसंभाव्य ऊर्जा सुमारे २९० टीईव्ही होती आणि सूचना ४३ सेकंदांत जगभर गेली. त्याची खगोलीय असण्याची संभाव्यता ५६.५ टक्के होती, म्हणजे तोही आकडा फार मोठा नव्हता. दिशा मृग नक्षत्रातली होती. मृगाच्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्स ताऱ्यापासून पश्चिमेला चारेक अंशांवर, डोळ्यांना काहीच न दिसणाऱ्या त्या तुकड्यात, सर्वोत्तम दिशेपासून अवघ्या ०.१ अंशावर टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझर होता. वर्तुळात ब्लेझर असण्याला फारसे महत्त्व नाही हे वर सांगितलेच. महत्त्व वेळेला होते. हिरोशिमा विद्यापीठातले यासुयुकी तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ सप्टेंबरला कळवले की हा स्रोत फर्मीमध्ये नेहमीच्या सरासरीच्या सुमारे सहापट तेजस्वी झाला आहे. त्याचा भडका एप्रिलपासूनच सुरू होता. त्यानंतर ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक या गॅमा दुर्बिणींना ४ ऑक्टोबरपर्यंतच्या सुमारे १३ तासांच्या निरीक्षणांत त्याच्याकडून ४०० जीईव्हीपर्यंतचे गॅमा किरण मिळाले. एकाच जागी, एकाच वेळी, आणि असाधारण अवस्थेत, अशा तीन गोष्टी जुळल्या.

तरीही निष्कर्ष किती जपून काढला गेला ते पाहण्यासारखे आहे. एवढा एकच न्यूट्रिनो धरला तर योगायोगाची शक्यता ४.१ सिग्मापर्यंत खाली जात होती (सिग्माचा आकडा जितका मोठा, तितकी योगायोगाची शक्यता कमी). पण त्याआधी १० सूचना दिल्या गेल्या होत्या आणि जुन्या नोंदींत सूचनेच्या पात्रतेचे आणखी ४१ न्यूट्रिनो होते. त्यांपैकी कोणाशीही असा भडका जुळला असता तरी आपण तेवढ्याच उत्साहाने लिहिले असते. तो सगळा शोध हिशेबात धरल्यावर उरले ३ सिग्मा. सोडतीत आपल्या चाळीतल्या कोणाला तरी बक्षीस लागणे आणि आपल्याला लागणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे, आणि तुम्ही जर बऱ्याच सूचना तपासून त्यांतली जुळलेली एक निवडली असेल, तर ही वजावट तुम्हालाही करावी लागेल.

नंतर जुन्या नोंदी चाळल्यावर याच दिशेकडून २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या सुरुवातीस, सुमारे ११० दिवसांच्या काळात, पार्श्वभूमीपेक्षा तेराच्या आसपास जादा न्यूट्रिनो आलेले आढळले. या काळात टीएक्सएस ०५०६+०५६ गॅमामध्ये शांत होता. म्हणजे २०१७ मध्ये गॅमाचा भडका आणि एक न्यूट्रिनो; २०१४-१५ मध्ये न्यूट्रिनोंचा झुबका आणि गॅमाचा भडका नाही. दोन्ही निष्कर्ष जुलै २०१८ मध्ये एकत्रच प्रसिद्ध झाले, आणि माझ्या मते त्यांतला दुसरा अधिक बोलका होता, कारण एकाच स्रोतात गॅमा आणि न्यूट्रिनो हातात हात घालून चालतात या समजुतीला त्याने तिथल्या तिथे तडा दिला.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती तुम्हालाही भोवू शकते. टीएक्सएस ०५०६+०५६ पासून केवळ १.२ अंशांवर पीकेएस ०५०२+०४९ नावाचा दुसरा ब्लेझर आहे, आणि त्याच्या गॅमाचे भडके २०१४-१५ च्या त्या न्यूट्रिनो-काळाच्या आसपासच झाले होते. फर्मीची दिशा ओळखण्याची क्षमता ऊर्जेनुसार फार बदलते: १०० एमईव्हीला फोटॉन पाच-एक अंशांत कुठेही पसरलेला दिसतो, १ जीईव्हीला सुमारे ०.८ अंशात, आणि १० जीईव्हीच्या वर ०.१ अंशाच्या आसपास. त्यामुळे कमी ऊर्जेचा नकाशा काढला की हे दोन स्रोत एकमेकांत मिसळून एकच धूसर डाग दिसतो, आणि त्यात शेजाऱ्याचाच हात मोठा असू शकतो. ऊर्जा वाढवत नेली की डाग आक्रसतो आणि काही जीईव्हीच्या वर टीएक्सएस ०५०६+०५६ स्पष्टपणे वेगळा होतो. मी विद्यार्थ्यांना हाच तुकडा तीन वेगवेगळ्या किमान ऊर्जांना काढायला सांगतो. तीन नकाशे शेजारी ठेवले की पुढे फारसे समजवावे लागत नाही.

माझीही एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मध्यरात्रीनंतर एक सूचना आली, आणि पहिल्या स्वयंचलित दिशेच्या जवळजवळ मध्यावर एक ओळखीचा ब्लेझर होता. मी पहाटेपर्यंत बसून गेल्या महिन्याचा प्रकाशवक्र (तेजस्विता काळानुसार कशी बदलली त्याचा आलेख) काढला, त्यात शेवटच्या आठवड्याचा बिंदू वर गेलेला दिसला, आणि ‘मध्यापासून अवघ्या ०.२ अंशावर’ अशी सुरुवात करून सहकाऱ्यांना पाठवायचा मजकूरही लिहिला. काही तासांनी सुधारित सूचना आली. दिशा अंशभराहून अधिक सरकली होती आणि ब्लेझर वर्तुळाबाहेर गेला होता. यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. ध्रुवाच्या बर्फात धुळीचे थर आहेत, त्यांत प्रकाश विखुरतो, आणि त्याचा बारीक हिशेब करणारी पद्धत वेळ घेते. म्हणूनच पहिली दिशा घाईची आणि दुसरी विचारपूर्वक काढलेली असते. त्यातही जुन्या सूचनांची दिशा सुधारित पद्धतींनी पुन्हा काढली जाते, तेव्हा तुम्ही वापरलेली दिशा कोणत्या आवृत्तीची आहे ते एकदा पाहून घ्या. माझा तो वर गेलेला बिंदूही पुढचा डेटा आल्यावर साधा चढउतार निघाला.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, वर्तुळात स्रोत सापडणे ही अपेक्षित गोष्ट आहे; त्याच वेळी त्याचा भडका असणे ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे; आणि तो भडका प्रोटॉनांमुळे होता हे त्याहून बरेच पुढचे विधान आहे. त्या तिसऱ्या विधानासाठी गॅमाबरोबर क्ष-किरणही लागतात. कारण असे की प्रोटॉनांच्या टकरींतून निघालेली उच्च ऊर्जा स्रोतातच अडली तर ती नाहीशी होत नाही. ती जोड्या आणि फोटॉनांच्या साखळीतून उतरत उतरत क्ष-किरणांपर्यंत येते. ब्लेझरच्या वर्णपटात क्ष-किरणांच्या जागी बहुधा एक दरी असते. २०१७ मध्ये स्विफ्ट आणि न्यूस्टार या उपग्रहांनी टीएक्सएस ०५०६+०५६ ची ती दरी मोजली, आणि ती इतकी खोल होती की न्यूट्रिनोंची संख्या वाढवायला जावे तर साखळीतून उतरलेला प्रकाश दरी भरून टाकतो आणि निरीक्षणाशी जुळत नाही. साध्या, एकाच प्रदेशाच्या मॉडेलांत त्यामुळे वर्षाला एका न्यूट्रिनोच्या लहान अंशाएवढीच अपेक्षा उरते. हे जुळणे अशक्य आहे असे यातून निघत नाही. अनेक ब्लेझर मिळून एखादा न्यूट्रिनो देतात आणि तो कोणाकडून येईल ते नशिबावर असते, असे मानले तर हिशेब बसतो. पण हे मानावे लागते, हे विसरू नये.

ब्लेझरांच्या एकूण वाट्याबद्दलही एक मर्यादा आहे. आइसक्यूबने फर्मीच्या दुसऱ्या यादीतल्या ८६२ ब्लेझरांच्या दिशांकडे एकत्रितपणे पाहिले, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, ठरावीक वर्णपट गृहीत धरता, खगोलीय न्यूट्रिनोंतला त्यांचा वाटा सुमारे २७ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. गॅमा आकाशात ब्लेझरांचेच राज्य आहे; न्यूट्रिनोंच्या आकाशात तसे दिसत नाही. मग उरलेले न्यूट्रिनो कोण पाठवते?

इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडला. प्रोटॉन जर फोटॉनांवर आदळून पायॉन निर्माण करत असतील, तर आजूबाजूला फोटॉनांची दाटी हवी. पण तेच फोटॉन बाहेर निघू पाहणाऱ्या गॅमा किरणांनाही अडवतात, आणि दोन फोटॉनांची जोडी बनण्याची शक्यता प्रोटॉन-फोटॉन टकरीत ऊर्जा खर्च होण्याच्या शक्यतेपेक्षा सुमारे हजारपट मोठी आहे. याचा अर्थ असा की ज्या जागी प्रोटॉनाला आपली ऊर्जा न्यूट्रिनोंच्या रूपात टाकायला चांगली संधी मिळते, ती जागा जीईव्ही आणि त्यावरच्या गॅमा किरणांसाठी जवळपास अपारदर्शक असते. न्यूट्रिनोंचा कार्यक्षम कारखाना गॅमामध्ये अंधारा असणे हे त्या कारखान्याच्या रचनेतूनच निघते. प्रोटॉन-प्रोटॉन टकरींना हा नियम असाच लागू होत नाही; तिथे वायू दाट पण प्रकाश विरळ असला तर गॅमा सुटू शकतात. म्हणून कोणती टक्कर, कोणत्या परिसरात, हे ठरवल्याशिवाय ‘गॅमा दिसले पाहिजेत’ किंवा ‘दिसता कामा नयेत’ यांपैकी काहीच म्हणता येत नाही.

एनजीसी १०६८ चे नेमके असेच आहे. सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेच्या केंद्रात धुळीच्या जाड वेटोळ्यामागे लपलेले सक्रिय कृष्णविवर आहे. २०११ ते २०२० च्या नोंदींत तिच्या दिशेने पार्श्वभूमीपेक्षा सुमारे ७९ जादा न्यूट्रिनो आढळले, बहुतेक १.५ ते १५ टीईव्हीचे, आणि आधीच ठरवलेल्या ११० स्रोतांच्या यादीत शोध घेतल्याची वजावट करूनही जुळणी ४.२ सिग्मा उरली; हा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे एकट्यादुकट्या न्यूट्रिनोचा प्रश्न नाही, भडक्याचीही गरज नाही. दहा वर्षे एकाच जागी साचत गेलेला ढीग आहे. आणि गॅमाच्या बाजूला? फर्मीला ती जीईव्ही ऊर्जेला दिसते, पण मॅजिकने १२५ तास पाहूनही टीईव्हीला काही मिळाले नाही, आणि त्यांनी घातलेली मर्यादा न्यूट्रिनोंच्या प्रवाहावरून अपेक्षित असलेल्या गॅमापेक्षा दहापटींहून अधिक खाली आहे. सरळ अर्थ असा लावला जातो की न्यूट्रिनो कृष्णविवराच्या अगदी जवळच्या, क्ष-किरणांनी भरलेल्या तप्त प्रदेशात तयार होतात आणि त्यांची गॅमा भावंडे तिथेच अडतात. फर्मीला दिसणारे गॅमा बाहेरच्या, तारे जन्मणाऱ्या भागातले असावेत. अडलेली ती ऊर्जा उतरून एमईव्हीच्या पट्ट्यात बाहेर यायला हवी. त्या पट्ट्यासाठी आज चांगली दुर्बीण नाही, ही आमच्या क्षेत्राची जुनी उणीव आहे. नासाच्या कोसी या नियोजित उपग्रहाकडून ती काही अंशी भरून निघेल अशी आशा आहे.

म्हणजे इथे गॅमाचा उपयोग झालाच नाही का? झाला, आणि चांगला झाला. गॅमा न दिसल्यामुळेच जागा केंद्राजवळ आणता आली. टीईव्ही गॅमा दिसले असते, तर उगम बाहेरच्या पारदर्शक भागात मानावा लागला असता. माझ्या दृष्टीने गॅमा निरीक्षणांचे मोल स्रोत दाखवून देण्यात आहे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, उगम कसा नसावा हे सांगण्यात आहे. एकूण आकाशाच्या पातळीवरही तेच: १० ते १०० टीईव्हीच्या दरम्यानचे न्यूट्रिनो इतके आहेत की त्यांचे सगळे उगम पारदर्शक असते, तर फर्मीने मोजलेली गॅमा पार्श्वभूमी आज आहे त्याहून जास्त असायला हवी होती. लपलेले उगम असावेत असे मानण्याचे ते एक मोठे कारण आहे.

आपल्याच आकाशगंगेत मात्र परिस्थिती बदलते, कारण अंतर कमी आणि वायू विरळ. तिथे गॅमाने अगदी जुन्या पद्धतीने वाट दाखवली. फर्मीने काढलेला भाररहित पायॉनांच्या प्रकाशाचा नकाशा साचा म्हणून घेतला, त्यावर प्रकाशगोळ्याच्या प्रकारचे न्यूट्रिनो ताडून पाहिले, आणि २०२३ मध्ये आइसक्यूबने आकाशगंगेच्या पट्ट्यातून येणारे न्यूट्रिनो ४.५ सिग्माने दाखवले. उलट टोकाला १३ फेब्रुवारी २०२३ चा न्यूट्रिनो आहे. सिसिलीजवळ समुद्रात ३,४५० मीटर खोल बसवल्या जात असलेल्या केएम३नेट या शोधकाला सापडलेल्या या न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २२० पीईव्ही, म्हणजे २०१७ च्या न्यूट्रिनोच्या साडेसातशेपट. पण दिशेच्या अनिश्चिततेत अनेक ब्लेझर आहेत आणि त्यांतल्या एकाकडे बोट दाखवावे असा आधार मिळालेला नाही.

तुम्ही भारतातून यात काय करता येईल असेही विचारले आहे. हा विषय आपल्याला परका नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरहॅम यांच्या गटाने १९६५ मध्ये वातावरणातला न्यूट्रिनो नोंदवला, तो जगातल्या पहिल्या अशा नोंदींपैकी आहे. आज लडाखमधल्या हानले येथे ४,२७० मीटर उंचीवर २१ मीटर व्यासाची मेस ही गॅमा दुर्बीण उभी आहे. तिचे भौगोलिक स्थान महत्त्वाचे आहे: ला पाल्मापेक्षा तिथे रात्र सहा-साडेसहा तास आधी होते, त्यामुळे एखादी सूचना युरोपातल्या दुपारी आली तर पहिली नजर लडाखातून टाकता येते. ब्लेझरच्या झोताचा दीर्घकालीन स्वभाव समजायला रेडिओ निरीक्षणे लागतात, आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या जुन्या नोंदींचा संग्रह विद्यार्थ्यांनाही वापरता येतो.

आता तुमच्या ब्लेझरचे काय करावे? सूचनेची अंतिम आवृत्ती घ्या, खगोलीय असण्याची संभाव्यता आणि खरी दिशा ज्यात असण्याची शक्यता ९० टक्के आहे ते क्षेत्रफळ नोंदवा, आणि वर दिलेला पावणेसहा चौरस अंशांचा हिशेब आधी करा. नंतर प्रकाशवक्र काढा, पण न्यूट्रिनोच्या तारखेभोवती काळाचे कप्पे आखू नका. ते आधीच ठरलेल्या तारखेपासून, महिन्याचे आणि आठवड्याचे असे दोन्ही, पूर्ण काळासाठी आखा आणि हा स्रोत वर्षातले किती दिवस एवढा तेजस्वी असतो ते मोजा. तो एरवीही एक तृतीयांश काळ भडकलेलाच असेल, तर तुमच्या जुळणीला फारसा अर्थ नाही. १६ मार्च २०१८ ला फर्मीच्या एका सौरपट्टीची फिरण्याची यंत्रणा अडकली आणि तेव्हापासून आकाश पाहण्याची पद्धत बदलावी लागली, त्यामुळे त्यानंतरच्या काही आठवड्यांत एखादा बिंदू केवळ कमी निरीक्षणामुळे डळमळीत दिसतो. त्रुटिरेषा पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही पाठवलेल्या नकाशात उत्तरेला सुमारे दीड अंशावर आणखी एक तेजस्वी डाग आहे आणि तुमच्या मॉडेलात त्याची तेजस्विता यादीतल्या सरासरीवर गोठवलेली दिसते. तिथून सुरुवात करा: तो स्रोत मोकळा सोडून, किमान ऊर्जा १ जीईव्हीपर्यंत वाढवून सगळे पुन्हा चालवा. तुमच्या ब्लेझरचा भडका त्यानंतरही टिकला, तर तो आलेख आणि क्ष-किरणांची काही निरीक्षणे उपलब्ध असतील तर तीही पाठवा. दरीची खोली आपण मिळून मोजू.